चेनसॉ इंजिन रीबिल्ड: क्रँककेसच्या जोडाला कुठलं सीलंट?

4 ऑक्टोबर

तक्रार अशी की सॉ गरम झाली की आयडल वर चढतं, ट्रिगर सोडला तरी आरपीएम लगेच खाली येत नाही, आणि शेवटी लाकडात असतानाच ताकद गेली नि बंद पडली. साधारण 55 सीसीचं इंजिन, क्लॅमशेल बांधणीचं. म्हणजे क्रँककेसचा (क्रँकशाफ्ट ज्यात फिरतो त्या पेटीचा) वरचा अर्धा भाग सिलिंडरसोबत एकाच कास्टिंगमध्ये आणि खालचा अर्धा भाग म्हणजे ॲल्युमिनियमचा पॅन, खालून बोल्टने आवळलेला. मध्ये कागदी गॅस्केट नाहीच, जे काय आहे ते सीलंटच.

मफलर काढून आत टॉर्च मारला. पिस्टनला एक्झॉस्टच्या बाजूने उभे ओरखडे, रिंग एका जागी खाचेत दाबली गेलेली. इनटेकची बाजू मात्र स्वच्छ. हे बघणं महत्त्वाचं आहे कारण फिल्टरमधून धूळ गेली असती तर घासल्याच्या खुणा इनटेककडे जास्त दिसल्या असत्या, नि पेट्रोलमध्ये ऑइलच नसतं तर पिस्टन बहुतेक चहूबाजूंनी खराब झाला असता. फक्त एक्झॉस्टकडे म्हणजे इंजिन लीन चाललंय, हवा जास्त नि पेट्रोल कमी, त्यामुळे गरम.

खोलायच्या आधी प्रेशर टेस्ट केली. लोक ही पायरी सोडतात आणि मग लीक कुठे होता ते कधीच कळत नाही. एक्झॉस्टला रबरी पट्टी लावून मफलरचे बोल्ट परत आवळले, इनटेक बंद केला, प्लगच्या भोकात ॲडाप्टर, पिस्टन खाली म्हणजे ट्रान्सफर पोर्ट (क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये जाणारे मार्ग) उघडे राहतील असा. हातपंपाने 0.5 बार भरलं. काटा बघता बघता खाली. साबणाचं पाणी मारल्यावर फ्लायव्हीलच्या बाजूला, जिथे ऑइल सीलची कड आणि पॅनचा जोड एकमेकांना भेटतात बरोब्बर तिथे बुडबुडे.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच मिक्स्चरचा पंप असतो, पिस्टन वर गेला की आत व्हॅक्युम आणि खाली आला की प्रेशर. तिथे केसाएवढी फट असली तरी कार्ब्युरेटरला न विचारता हवा आत येते. आणि तुम्ही कार्ब कितीही ट्यून करा, ती फट गरम झाल्यावर बदलते.

5 ऑक्टोबर

बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चिकटलेलं ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्याने काढलं. प्लेटिंगला (बोअरवरच्या कठीण मुलाम्याला) तो काही करत नाही, ॲल्युमिनियम मात्र खातो, त्यामुळे कापसाच्या काडीने फक्त डागावर, पोर्टच्या उघड्या कडांना अजिबात लागू न देता. हातमोजे, चष्मा, उघडी हवा. फेस यायचा थांबला की पाण्याने भरपूर धुवायचं. प्लेटिंग शाबूत आहे, नख कुठे अडकत नाही. सिलिंडर वाचला. पिस्टन, रिंग, दोन्ही ऑइल सील, दोन्ही बेअरिंग नवीन.

7 ऑक्टोबर

आज जुनं सीलंट काढलं आणि खरा धडा तिथेच मिळाला. करड्या रंगाचं सिलिकॉन होतं, कोणीतरी आधी एकदा इंजिन खोलून बसवलेलं दिसतंय. जोडाच्या मधल्या भागात ते पातळ नि घट्ट चिकटून होतं, खरवडायला वेळ लागला. पण आतल्या कडेला, म्हणजे जिथे पेट्रोलचा सतत संबंध, तिथे फुगून मऊ झालेलं, चिमटीने धरलं की लांबच लांब दोरा निघून येतो. एक तुकडा तर तुटून आतच पडला होता, क्रँकच्या वेबवर चिकटलेला. हा तुकडा कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगमध्ये किंवा रिंगच्या खोबणीत गेला असता तर वेगळंच नुकसान.

काढताना लोखंडी पाती वापरायची नाही, प्लास्टिकचं स्क्रॅपर आणि ब्रेक क्लीनर. ग्राइंडरवर लावायच्या त्या जाळीदार डिस्कचा मोह होतो, पटकन होतं काम, पण त्यातले घासकण बेअरिंगमध्ये जाऊन बसतात आणि कितीही धुतलं तरी सगळे निघतील याची खात्री नाही. हाताने केलं. वेळ गेला, जाऊ दे.

8 ऑक्टोबर

आता प्रश्न असा की लावायचं काय.

बहुतेकांची निवड ट्यूबवरच्या तापमानावरून होते. 340 अंश लिहिलंय ना, मग हेच भारी. पण क्रँककेसचा जोड एवढा गरम होतच नाही! थंड, ताजं मिक्स्चर सतत तिथूनच जातं, गरम असतो तो सिलिंडरचा डोक्याकडचा भाग नि एक्झॉस्ट पोर्ट. खालच्या जोडाला 150 ते 200 अंश झेपणारं सीलंट भरपूर झालं. तिथे खरा शत्रू पेट्रोल. त्यातही हल्लीचं इथेनॉल मिसळलेलं. शिवाय कंप, आणि प्रेशर-व्हॅक्युमची अदलाबदल, मिनिटाला हजारो वेळा. म्हणून माझा पहिला प्रश्न तापमानाचा नाही, पेट्रोलमध्ये बुडून राहिल्यावर हे सीलंट कसं राहतं हा आहे.

समोर असलेले प्रकार:

सिलिकॉन आरटीव्ही, म्हणजे खोलीच्या तापमानाला घट्ट होणारं. फोर-स्ट्रोकच्या ऑइल पॅनला उत्तम. पण कित्येक ट्यूबवर स्पष्ट छापलेलं असतं की पेट्रोलच्या संपर्कात वापरू नका, आणि तो भाग वाचला जात नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर ॲल्युमिनियमला लावूच नये, सुटणारं ॲसिड धातू खातं. हेही सांगायला हवं की काही सॉच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये डिर्को एचटी दिलेलं असतं, ते सिलिकॉन कुळातलंच, आणि ती इंजिनं वर्षानुवर्षं चालतात. कारण तिथे फेस (जोडाचे एकमेकांना टेकणारे पृष्ठभाग) सपाट, थर अगदी पातळ, पेट्रोलसमोर येते ती फक्त एक बारीक रेष. जाड थर दिला की तेच सिलिकॉन गद्दारी करतं.

ॲनेरोबिक, म्हणजे लॉकटाइट 518, 515, 510 ही मंडळी. हवा नसताना आणि धातूच्या संपर्कात घट्ट होतात. फेसमधली फट 0.25 मिमीपर्यंत भरतं 518, तापमान 150 अंश, 510 असेल तर 200. पेट्रोलला उत्तम. आणि सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आतल्या बाजूला जे जास्तीचं बाहेर येतं त्याला हवा मिळते म्हणून ते द्रवच राहतं नि मिक्स्चरबरोबर धुऊन जातं, दोरे नाहीत, तुकडे नाहीत. अडचण एवढीच की ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम या कामी सुस्त धातू, क्युअर व्हायला वेळ लागतो किंवा ॲक्टिवेटर लागतो, आणि रबर किंवा प्लास्टिकपाशी ते नीट घट्ट होत नाही. काही प्लास्टिकला तर तडेही जातात, म्हणून ज्यांचा पॅन प्लास्टिकचा त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

तिसरा प्रकार सॉल्व्हंटवाला, अर्धवट सुकणारा. यामाबाँड 4, थ्रीबाँड 1184, परमॅटेक्स मोटोसील या वर्गातले. मोटरसायकलच्या क्रँककेसचे अर्धे जोडायला हेच वापरतात. सुकल्यावर पूर्ण कडक होत नाहीत, चिवट राहतात, कंप सोसतात, पेट्रोल सोसतात, आणि रबरालाही धरतात.

चौथा जुना भिडू, एव्हिएशन फॉर्म-अ-गॅस्केट नंबर 3, ब्रशने लावायचा तपकिरी द्रव. कधी कडक होत नाही. कागदी गॅस्केटला दोन्ही बाजूंनी माखायला छान, पण नुसत्या धातू-धातू जोडात एकट्याच्या भरवशावर मी सोडणार नाही.

9 ऑक्टोबर

वाचून ठरवण्यापेक्षा भिजवून बघू म्हटलं. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापल्या, ब्रेक क्लीनरने पुसल्या. प्रत्येक सीलंटचे दोन नमुने: एक उघडा थर, आणि एक दोन पट्ट्यांमध्ये दाबून बोल्ट लावलेला. ॲनेरोबिकसाठी दुसरा प्रकार गरजेचाच, उघडं ठेवलं तर ते कधीच घट्ट होणार नाही नि आपण उगाच त्याला नापास करू. सगळ्यांना पूर्ण 24 तास क्युअर व्हायला देतोय, त्यानंतर काचेच्या झाकणबंद बरण्यांत, ऑइल घातलेल्या 50:1 मिक्समध्ये. नुसतं पेट्रोल नाही, जे इंजिनात जाणार तेच. बरण्या बाहेर सावलीत, आगीपासून लांब.

16 ऑक्टोबर

बरण्या उघडल्या.

सिलिकॉनचा उघडा थर फुगलाय, डोळ्याला दिसण्याइतका, नखाने ढकलला की पट्टीवरून अख्खा सरकतो. पण पट्ट्यांमध्ये दाबलेला नमुना खोलला तर आत मधोमध चांगलाच चिकटलेला, फक्त कडेला एक-दोन मिलिमीटर मऊ. म्हणजे इंजिनातून जे निघालं होतं अगदी तेच चित्र. आता माझ्यासाठी हा विषय मिटला. सिलिकॉन लगेच फेल होत नाही, ते कडेकडून आत सरकत फेल होतं, आणि जिथे जोडाची रुंदी कमी, जसं ऑइल सीलच्या शेजारी, तिथे ते आधी पोचतं.

518 चा दाबलेला नमुना वेगळा करायला पाचर मारावी लागली. लाल थर आत पूर्ण घट्ट, कडेला बाहेर आलेलं पेट्रोलमध्ये विरघळून गेलेलं.

सॉल्व्हंटवाल्याचा उघडा थर किंचित मऊ झालाय, पण फुगलेला नाही, सुटलेला तर अजिबात नाही. बाहेर काढून ठेवला तर थोड्या वेळात परत आधीसारखा चिवट. दाबलेला नमुना खोलताना दोन्ही पट्ट्यांना अर्धा-अर्धा चिकटून फाटला, म्हणजे पकड धातूवरून सुटत नाहीये, सीलंटच मधून फाटतंय. हेच हवं असतं.

17 ऑक्टोबर

निवड आता 518 की सॉल्व्हंटवालं यावर आलीय.

जोड नुसता धातू-धातू असता तर डोळे मिटून 518. उभ्या फाकांचं क्रँककेस असलेल्या प्रो सॉमध्ये ते मी आनंदाने वापरीन, फक्त एक ध्यानात ठेवून, की तिथे मुळात कागदी गॅस्केट असेल तर ते काढून नुसतं सीलंट लावायचं नाही. गॅस्केटची जाडी गेली की दोन्ही अर्धे तेवढे जवळ येतात, बेअरिंगवर बाजूने दाब येतो नि क्रँक जड फिरतो. सिलिंडरच्या बुडाचं गॅस्केट काढणारे पण असतात, तिथे स्क्विश (पिस्टन पूर्ण वर असताना त्याच्या नि सिलिंडरच्या डोक्यामधली फट) मोजल्याशिवाय काही करू नये. सोल्डरची तार आत घालून पिस्टन वरून फिरवायचा, चेपलेली तार 0.5 मिमीपेक्षा पातळ झाली तर गॅस्केट राहू दे.

पण इथे क्लॅमशेल आहे. ऑइल सील दोन अर्ध्यांच्या मध्ये चिमटलेलं असतं, त्याची बाहेरची कड रबराची, म्हणजे वरचा अर्धा, खालचा अर्धा आणि रबर असे तीन पदार्थ एका बिंदूवर भेटतात. आधी लीक होतं ते तिथेच. तो बारीक त्रिकोण ॲनेरोबिक भरेल पण रबराच्या बाजूने घट्ट होईल याची खात्री नाही. दोन वेगवेगळी सीलंट एकाच जोडात, एक इथे नि एक तिथे, असं करायचं तर ती जिथे एकमेकांना भिडतील तिथे कोण कोणाला बिघडवेल सांगता येत नाही. म्हणून पूर्ण जोडाला एकच, सॉल्व्हंटवालं, अर्धवट सुकणारं. ठरलं.

18 ऑक्टोबर

फेस तपासले. इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे: क्लॅमशेलचा फेस काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासायचा नाही. बाकी ठिकाणी सपाट करायला ती पद्धत चांगली, पण इथे बेअरिंगचं अर्धं भोक वरच्या भागात नि अर्धं पॅनमध्ये असतं, दोन्ही आवळून एकत्र बोअर केलेली असतात. फेसवरून थोडं जरी मटेरियल गेलं तरी भोक अंडाकृती होतं आणि बेअरिंग चेपलं जातं. त्याच कारणाने दुसऱ्या सॉचा पॅन आणून लावणं पण टाळलेलं बरं.

मी फक्त मार्कर पेनने फेस रंगवले, पॅन कोरडाच ठेवून हलका फिरवला आणि रंग कुठे पुसला गेला ते पाहिलं. एका बोल्टच्या भोकापाशी उंचवटा, पूर्वी कोणीतरी पाचर घालून उघडल्याची खूण. बारीक ऑइल स्टोन दोन-चारदा फिरवून तेवढाच बर काढला. बाकी फेस सारखे. बोल्टची भोकं पण साफ केली, आत जुनं सीलंट किंवा ऑइल राहिलं तर टॉर्क खोटा येतो.

19 ऑक्टोबर

बसवलं.

पिस्टन आधीच रॉडला लावलेला, बाण एक्झॉस्टकडे, सर्क्लिप बसल्याचं दोनदा बघून. सिलिंडर उलटा धरून बोअरला नि पिस्टनला टू-स्ट्रोक ऑइल, रिंग बोटांनी दाबून पिस्टन आत सरकवला. बेअरिंग आणि सील क्रँकवर चढवलेले, सीलच्या ओठाला ग्रीस, सगळं वरच्या अर्ध्यात बसवलं. यानंतर फेस पुन्हा एकदा क्लीनरने पुसले, कारण ऑइलचा हात लागतोच लागतो आणि ऑइलवर कुठलंच सीलंट धरत नाही, महागातलं असो की साधं.

सीलंटची बारीक रेघ, बोटाने पसरवून पारदर्शक वाटेल इतका पातळ थर. बोल्टच्या भोकांना वळसा घालून, आतल्या कडेपासून जरा लांब. सीलच्या दोन्ही बाजूंच्या त्या त्रिकोणात मात्र टाचणीने एकेक थेंब, आणि सीलच्या बाहेरच्या गोलाईवर अगदी पुसट हात. बेअरिंगच्या जागेत थेंबसुद्धा नाही. सॉल्व्हंट उडायला ट्यूबवर सांगितलेली मिनिटं थांबलो, थर चिकट झाला की बंद करायचा, ओला असताना बंद केला तर सॉल्व्हंट आतच अडकतो.

पॅन सरळ खाली, न सरकवता. बोल्ट तिरपे-समोरासमोर, आधी हाताने, मग निम्म्या टॉर्कला, शेवटी मॅन्युअलमधल्या पूर्ण टॉर्कला. प्रत्येक टप्प्याला क्रँक फिरवून पाहिला, कुठे अडत नाही. बाहेर सगळीकडून सारखी बारीक रेष आली. ती पुसली नाही, सुकल्यावर ब्लेडने कापता येते. आता उद्या संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही.

20 ऑक्टोबर

प्रेशर 0.5 बार: काटा हलत नाही. साबणाचं पाणी सगळीकडे मारलं, त्या त्रिकोणांपाशी जास्त वेळ. एकही बुडबुडा नाही.

व्हॅक्युम 0.5 बार: हळूहळू पडतोय! क्रँक फिरवला तरी तसाच.

प्रेशर धरतं पण व्हॅक्युम धरत नाही म्हटलं की पहिला संशय ऑइल सीलवर, कारण सीलचा ओठ आतल्या बाजूला असतो, आतून प्रेशर आलं तर तो शाफ्टवर अजून दाबला जातो नि व्हॅक्युममध्ये उचलला जातो. म्हणून दोन्ही टेस्ट लागतात, नुसत्या प्रेशरवर खूश व्हायचं नाही. पण सील नवीन, शाफ्ट गुळगुळीत. मग एकेक गोष्ट वगळत गेलो. सीलवर बाहेरून ऑइलचे थेंब सोडले, आत ओढले जात नाहीत. जोडावर ऑइल सोडलं, तेही नाही. राहिला इनटेकचा रबरी बूट, तो जुनाच ठेवला होता. वाकवून बघितल्यावर घडीच्या आत बारीक चीर, प्रेशरमध्ये ती मिटते आणि व्हॅक्युममध्ये उघडते. तो काढून थेट सिलिंडरच्या इनटेकवर रबर दाबून परत व्हॅक्युम घेतला, काटा खिळल्यासारखा जागेवर.

म्हणजे क्रँककेसचा जोड पास. बूट नवीन मागवला. इथे घाईने पॅन परत उघडला असता तर चांगलं बसलेलं सीलंट वाया गेलं असतं.

24 ऑक्टोबर

नवा बूट लावला, इम्पल्स लाइनसुद्धा (क्रँककेसच्या प्रेशरवर कार्बचा पेट्रोल पंप चालवणारी नळी) बदलली, तीही त्याच वयाची. दोन्ही टेस्ट परत, दोन्ही पास. कार्ब्युरेटर लावून एच स्क्रू (पूर्ण वेगाला पेट्रोल किती जाईल ते ठरवणारा) मुद्दाम थोडा जास्त उघडा ठेवलाय, रिच. पूर्ण थ्रॉटलला मोकळी सोडली की आवाज फुटतो, तो गुरगुरणारा फोर-स्ट्रोकिंग आवाज, आणि लाकडात घातली की साफ होतो. पेट्रोलच्या सुरुवातीच्या टाक्यांना असंच ठेवणार.

आयडलवर सॉ डावीकडे, उजवीकडे, नाक खाली अशी धरून बघितली. आरपीएम बदलत नाही. गरम झाल्यावर ट्रिगर सोडला की लगेच खाली येते.

2 नोव्हेंबर

काही टाक्या चालवून झाल्यावर मफलर काढून पिस्टन बघितला, एक्झॉस्टची बाजू स्वच्छ, मशिनिंगच्या रेघा अजून दिसतायत. प्लगचा रंग फिकट तपकिरी. इंजिन गार झाल्यावर व्हॅक्युम टेस्ट पुन्हा घेतली, कारण तापून-गार होऊन जोड बसल्यावरचा आकडा मला जास्त विश्वासाचा वाटतो, आणि तो पहिल्या दिवसासारखाच आहे. बाहेर आलेली सीलंटची रेष पेट्रोल सांडूनही जशीच्या तशी चिवट. एच स्क्रू किंचित आत घेतला. पुढची तपासणी चेन स्प्रॉकेट बदलताना, तेव्हा क्लचच्या बाजूचं सील उघडंच दिसतं, त्याच वेळी तिथला त्रिकोण ओला दिसतोय का ते बघायचं.